तेलगळतीनंतर काम गेलं? भरपाईचा दावा पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

समुद्रात तेल सांडलं की मासेमारीवर बंदी येते, पर्यटक बुकिंग रद्द करतात, मासळी प्रक्रिया कारखान्यातल्या पाळ्या कमी होतात आणि हातावर पोट असलेल्यांच्या घरी पैसा येणं आठवडाभरात थांबतं. मग कोणीतरी सांगतं की भरपाई मिळणार आहे, फॉर्म भरा. कोणाकडे भरायचा, काय लिहायचं, काय जोडायचं, हे सांगणारं मात्र सहसा कोणी नसतं. हा लेख त्या माणसांसाठी आहे: बोटीवरचा खलाशी, कोळंबी सोलणारी बाई, बर्फाच्या कारखान्यातला कामगार, किनाऱ्यावरच्या हॉटेलातला वेटर, छोटा दुकानदार. कायदे देशागणिक बदलतात, पण दाव्याची तपासणी जवळपास सगळीकडे त्याच प्रश्नांवर होते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. तुमचा दावा किती भक्कम आहे हे सांडलेल्या तेलाच्या प्रमाणावर ठरत नाही. तेल सांडण्याआधी तुम्ही किती कमावत होता हे कागदावर दिसतं का, यावर ते ठरतं. त्यामुळे जमेल तितकी मेहनत तिथे घ्या.

तेल कुठून आलं, ते आधी समजून घ्या

पैसे कोण देणार हे तेल कशातून सांडलं यावर अवलंबून असतं. पहिल्या काही दिवसांत बातम्यांमधून हे कळतं. जहाजाचं नाव, ते कोणत्या प्रकारचं होतं, दुर्घटनेची तारीख, एवढं लिहून ठेवा. पुढे प्रत्येक फॉर्मवर ते लागतं.

तेल वाहून नेणारा टँकर असेल आणि देशाने १९९२ चे आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेले असतील, तर पहिली जबाबदारी जहाजमालकाची. त्याची चूक होती हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. फक्त त्याच्या जबाबदारीला जहाजाच्या आकारमानानुसार कमाल मर्यादा असते, आणि दोन हजार टनांपेक्षा जास्त तेल नेणाऱ्या टँकरला विमा सक्तीचा असतो. मालकाच्या मर्यादेत नुकसान भागलं नाही, तर लंडनमध्ये मुख्यालय असलेला आंतरराष्ट्रीय तेलप्रदूषण भरपाई निधी, म्हणजे आयओपीसी फंड्स, पुढची रक्कम देतो. मालक आणि निधी मिळून एका दुर्घटनेसाठी २० कोटी ३० लाख एसडीआर ही कमाल मर्यादा आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. ज्या देशांनी २००३ चा पूरक निधीही स्वीकारला आहे, तिथे ही मर्यादा ७५ कोटी एसडीआरपर्यंत जाते.

मालवाहू जहाजाच्या स्वतःच्या इंधनटाकीतून तेल सांडलं असेल, तर गोष्ट वेगळी. २०२० साली मॉरिशसजवळ प्रवाळखडकावर चढलेलं 'वाकाशियो' असंच जहाज होतं. ते टँकर नव्हतं, त्यातून सांडलं ते इंधन. अशा वेळी बंकर तेलाबाबतचा, म्हणजे जहाजाच्या स्वतःच्या इंधनाबाबतचा २००१ चा करार लागू होतो. विमा कंपनीवर थेट दावा करता येतो, पण वर सांगितलेला निधी मदतीला येत नाही. म्हणून 'जहाज होतं' एवढं कळून भागत नाही, कोणतं जहाज होतं हे कळायला हवं.

समुद्रातल्या तेलविहिरीतून किंवा पाइपलाइनमधून गळती झाली, तर हे दोन्ही करार लागत नाहीत आणि त्या त्या देशाचा कायदा पाहावा लागतो. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन' या तेलफलाटावर स्फोट झाला, ११ कामगार मेले आणि विहिरीतून तेल वाहणं थांबायला ८७ दिवस लागले. तिथे अमेरिकेचा १९९० चा तेलप्रदूषण कायदा लागू झाला. त्या कायद्यात दावा आधी जबाबदार कंपनीकडे करायचा असतो. कंपनीने ९० दिवसांत तो निकाली काढला नाही, तर दावेदार सरकारी निधीकडे किंवा न्यायालयात जाऊ शकतो.

आजच एक वही काढा

दावा कार्यालय उघडायची वाट पाहू नका. साधी वही घ्या, पानांवर क्रमांक घाला आणि रोज लिहा. कसं लिहायचं ते दाखवते:

"१४ जून. सकाळी पाचला बंदरावर गेलो. बंदीची नोटीस लावलेली, फोटो काढला. बोट निघाली नाही. मालक म्हणाले, पुढच्या सूचनेपर्यंत कामावर येऊ नका. सोबत आणखी तिघे खलाशी होते (नावं मागच्या पानावर). दुपारी बर्फ कारखान्यात काम विचारलं, त्यांनीही माणसं कमी केली आहेत. आजची कमाई शून्य."

एवढंच पुरे. यात तारीख आहे, कारण आहे, साक्षीदार आहेत आणि दुसरं काम शोधल्याची नोंदही आहे. तपासणाऱ्याला नेमक्या याच चार गोष्टी हव्या असतात. दोन वर्षांनी आठवून लिहिलेल्या निवेदनापेक्षा त्या त्या दिवशी लिहिलेली नोंद जास्त विश्वासार्ह ठरते. मागची पानं फाडू नका. खाडाखोड झालीच तर एक रेघ मारून बाजूला सही करा.

सोबत फोटो: तेल लागलेली जाळी, रिकामा लिलाव, बंद दुकान. प्रत्येक फोटोत तारीख आणि जागा कळेल असं पाहा. तेल लागलेली जाळी किंवा इतर सामान निरीक्षकाने पाहिल्याशिवाय टाकून देऊ नका. ठेवायला जागा नसेल तर निदान फोटो काढा, मोजमाप लिहा आणि एक तुकडा नमुना म्हणून बंद डब्यात ठेवा.

मासेमारी बंदीचे आदेश वेगळ्या फाइलीत लावा. बंदी कधी लागली, कोणत्या पाण्यात, कधी उठली आणि टप्प्याटप्प्याने उठली असेल तर कोणता भाग आधी उघडला, ही माहिती तुमच्या नुकसानीचा कालावधी ठरवते.

आधीची कमाई कशी दाखवायची

साधारणपणे गळतीआधीच्या तीन वर्षांची कमाई मागितली जाते. पगारचिठ्ठ्या, बँक पासबुक, आयकर विवरण, हजेरीपट, लिलावाच्या पावत्या, डिझेल आणि बर्फाची बिलं, बोटीची नोंदणी, मासेमारी परवाना, हॉटेलचं बुकिंग रजिस्टर. ज्याच्याकडे हे आहे त्याने मूळ प्रती कधीच देऊ नयेत. छायाप्रती द्याव्यात आणि मूळ कागद फक्त दाखवावेत.

खरा प्रश्न रोखीत मजुरी घेणाऱ्यांचा आहे. 'हेबेई स्पिरिट' या टँकरला २००७ च्या डिसेंबरात दक्षिण कोरियाच्या ताएआन किनाऱ्याजवळ एका क्रेनवाहू तराफ्याची धडक बसली आणि सुमारे १०,९०० टन कच्चं तेल समुद्रात गेलं. त्या एका दुर्घटनेत सव्वा लाखाहून अधिक दावे आले. अशा ठिकाणी किनाऱ्यावर हाताने शिंपल्या गोळा करणारी, कोणाच्याही हजेरीपटावर नसलेली माणसं सगळ्यांत अडचणीत येतात. कष्ट खरे असतात, नुकसान खरं असतं, कागद मात्र नसतो.

तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर हार मानू नका, पण पुरावा दुसऱ्या बाजूने शोधा. माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या वहीत तुमचं नाव आणि वजन असेल, त्या पानांची प्रत मागा. मुकादमाकडे वाटपाची यादी असते. बचतगटाच्या पुस्तकात दरमहा भरलेली रक्कम दिसते. कमाई नियमित होती एवढं तरी त्यावरून कळतं. मोबाइलवरून आलेल्या पैशांचे संदेश पुसू नका. सहकारी संस्था असेल तर तिच्याकडून सभासदत्वाचा आणि सरासरी उत्पन्नाचा दाखला घ्या. शेवटी प्रतिज्ञापत्र, पण तेही ठोस असावं. "ही बाई माझ्या ओळखीची असून ती मासळी सोलते" या वाक्याचा उपयोग नाही. "ती अमुक सालापासून, अमुक महिन्यांत, आठवड्यातून इतके दिवस माझ्याकडे काम करते आणि किलोमागे इतका दर घेते" असं लिहिलेलं असेल तर तपासणाऱ्याला हिशेब करता येतो.

परवाना लागणारं काम परवान्याशिवाय करत असाल तर त्या कमाईची भरपाई सहसा मिळत नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, आणि गरीब माणसावर त्याचा भार जास्त पडतो हेही खरं. तरीही खोटा परवाना किंवा मागची तारीख टाकलेली पावती जोडू नका. मेक्सिकोच्या आखातातल्या गळतीनंतर खोटे दावे करणाऱ्यांना तुरुंगवास झाला आहे. शिवाय एक खोटा कागद सापडला की सोबतचे दहा खरे कागदही संशयात येतात.

नोकरी गेली असेल तर

मच्छीमाराचं नुकसान समजायला सोपं असतं: पाण्यात तेल, म्हणून मासेमारी बंद. नोकरदाराच्या बाबतीत मध्ये आणखी एक दुवा येतो. तेलामुळे मालकाचा धंदा बसला आणि धंदा बसल्यामुळे तुम्हाला काढलं. हे दोन्ही दुवे दाखवावे लागतात, आणि दावे अडतात ते बहुधा दुसऱ्या दुव्यावर.

म्हणून मालकाकडून पत्र घ्या, आणि लवकर घ्या. धंदा कायमचा बंद झाला किंवा मालक गाव सोडून गेला तर पुढे ते मिळत नाही. पत्रात तुम्ही कोणत्या कामावर होता, केव्हापासून, पगार किती, कामाचे तास किंवा पाळ्या कधीपासून कमी झाल्या, कामावरून कधी काढलं, हे सगळं असू द्या. मुख्य म्हणजे कारण स्पष्ट असू द्या. "मंदीमुळे" किंवा "प्रशासकीय कारणास्तव" असं लिहिलेलं पत्र तुमच्या विरोधात जातं. तेलगळतीमुळे आलेली मासेमारी बंदी, रद्द झालेली बुकिंगं, कच्च्या मालाचा तुटवडा, जे खरं कारण असेल ते नावानिशी लिहून घ्या. मालकाने स्वतःचा दावा केला असेल तर त्याचा क्रमांकही पत्रात टाकायला सांगा. त्याचा एक धोका लक्षात ठेवा: मालकाने आपल्या दाव्यात तुमचे पगार "वाचलेला खर्च" म्हणून दाखवलेले नसतील आणि तुम्हीही तेच पगार मागत असाल, तर एकाच नुकसानीची दोनदा मागणी होते आणि दोन्ही फाइली अडकतात. मालकाशी याबाबत आधीच मोकळेपणाने बोलून घ्या.

पत्र द्यायला मालक तयार नसेल तर त्याला लेखी विनंती करा आणि पोच ठेवा. मग सोबतच्या कामगारांची निवेदनं, कमी झालेल्या पाळ्यांचं वेळापत्रक, पगार घटल्याचं बँक खात्यावरून दिसणारं चित्र, यावर दावा उभा करा.

कारण किती काटेकोरपणे पाहिलं जातं याचं मोठं उदाहरण २०१० सालचंच आहे. 'डीपवॉटर होरायझन'च्या स्फोटानंतर अमेरिकी सरकारने खोल समुद्रातल्या खोदकामावर काही महिने स्थगिती आणली. त्यामुळे तेलफलाटांवरच्या कामगारांचं काम गेलं. गळती झाली नसती तर स्थगिती आली नसती, हे कोणालाही पटेल. पण पुढे जबाबदार कंपनी बीपी आणि दावेदार यांच्यातल्या २०१२ च्या तडजोडीत स्थगितीमुळे झालेलं नुकसान वगळण्यात आलं. त्या फलाट कामगारांसाठी कंपनीने १० कोटी डॉलरचा वेगळा मदतनिधी ठेवला होता. तेव्हा तुमचं काम तेलामुळे गेलं की तेलानंतर घेतलेल्या एखाद्या सरकारी निर्णयामुळे, हे पाहा आणि दुसरं असेल तर वेगळी मदत योजना आहे का याची चौकशी करा. चुकीच्या खिडकीसमोर वर्ष घालवू नका.

अंतरही पाहिलं जातं. आंतरराष्ट्रीय निधी ज्या कसोट्या लावतो त्या अशा: तुमचं काम प्रदूषित भागाच्या किती जवळ होतं, तुमची कमाई त्या किनाऱ्यावर किती अवलंबून होती, तुम्हाला दुसरीकडून माल किंवा काम मिळण्यासारखं होतं का, आणि तुमचा धंदा त्या भागाच्या अर्थव्यवहाराचा भाग होता का. किनाऱ्यावरच्या खाणावळीतला आचारी या कसोट्यांवर सहज टिकतो. त्या खाणावळीला शंभर किलोमीटरवरून खुर्च्या पुरवणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला खूप जास्त पुरावा द्यावा लागेल.

आकडा काढताना

मनाला येईल तो मोठा आकडा टाकून "घासाघीस होईलच" असं समजू नका. तपासणारे हिशेब तपासतात आणि फुगवलेला आकडा लगेच ओळखतात.

समजा गेल्या तीन वर्षांत जून महिन्याची तुमची विक्री ९०, १०० आणि ११० होती. सरासरी १००. यंदा बंदीमुळे २० झाली, म्हणजे ८० बुडाले. पण बोट बाहेर गेली नाही म्हणून डिझेल, बर्फ, आमिष यांचे २५ वाचले. उरले ५५. त्याच महिन्यात सफाईच्या कामावर १० मिळाले. म्हणजे दावा ४५ चा. त्याच महिन्यांशी तुलना करायची, हे विसरू नका. भर हंगामातल्या महिन्याची सरासरी काढून ती मंद महिन्याला लावली तर दावा परत येतो. पगारदाराचा हिशेब याहून सोपा असतो: नेहमीचा पगार, वजा मिळालेला पगार, वजा दुसरीकडे केलेली कमाई. बेरोजगार भत्ता किंवा सरकारी मदत मिळाली असेल तर तीही सांगा. ती वजा होते की नाही हे नियमांप्रमाणे ठरेल, लपवली तर मात्र अडचण होते.

दुसरं काम शोधणं हाही दाव्याचाच भाग आहे. नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही वाजवी प्रयत्न केले का, हे विचारलं जातं. शोधूनही मिळालं नाही, तर ते वहीतल्या नोंदींतून दिसलं पाहिजे. आखातात हजारो स्थानिक बोटी तेल गोळा करण्याच्या कामावर लावल्या गेल्या होत्या. असं काम मिळालं तर जरूर घ्या. कमाईचा हिशेब ठेवा आणि तब्येतीकडे लक्ष द्या. सफाईच्या वेळी त्वचेला, डोळ्यांना, श्वासाला त्रास झाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन कागद घ्या. आजारपणाचा दावा बुडालेल्या कमाईच्या दाव्यापेक्षा वेगळा चालतो.

घरी खाण्यापुरती मासळी पकडणाऱ्यांनाही काही कायद्यांत भरपाई आहे, अमेरिकेच्या कायद्यात ती स्वतंत्रपणे दिलेली आहे. विक्री नव्हती म्हणून नुकसान नाही असं धरून बसू नका. किती पकडत होतो आणि आता तेवढंच बाजारातून आणायला किती लागतं, हे मांडा.

दावा देताना

मोठ्या दुर्घटनेत स्थानिक दावा कार्यालय उघडतं, नाहीतर विमा कंपनीच्या स्थानिक प्रतिनिधीकडे दावा जातो. फॉर्म फुकट असतो. फॉर्मसाठी पैसे मागणाऱ्या दलालाकडे पाठ फिरवा. नाव सगळ्या कागदांवर एकसारखं असावं, आडनावाच्या एका अक्षराच्या फरकानेही फाइल परत येते. दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून पोच घ्या आणि दावा क्रमांक दोन ठिकाणी लिहून ठेवा.

संस्थेमार्फत एकत्र दावा केला तर एकट्याचा आवाज दबत नाही आणि वकील परवडतो. नायजेरियातल्या बोडो गावाजवळ २००८ मध्ये शेल कंपनीच्या पाइपलाइनमधून दोनदा गळती झाली. गावकऱ्यांनी लंडनमध्ये दावा लावला आणि २०१५ मध्ये ५ कोटी ५० लाख पाऊंडांची तडजोड झाली. त्यातले साडेतीन कोटी १५,६०० जणांना आणि उरलेले गावाला. एकेकट्याने हे झालं नसतं. पण एकत्र दाव्यातही प्रत्येकाचं नाव, रक्कम आणि कागद वेगळे ठेवा, आणि वकिलाचा वाटा किती टक्के हे सही करण्याआधी लेखी घ्या.

सही करण्यापूर्वी

इथे घाई अंगाशी येते. पैसे दोन प्रकारचे असतात. अंतरिम रक्कम म्हणजे आतापर्यंतच्या नुकसानीपोटी मिळणारी. पुढचा हक्क तिने संपत नाही. अंतिम तडजोड म्हणजे इथून पुढे काहीही मागणार नाही, असं लिहून देणं. २०१० च्या अखेरीस आखातातल्या दावेदारांपुढे असा एक झटपट पर्याय ठेवला गेला: व्यक्तीला ५,००० डॉलर, धंद्याला २५,००० डॉलर, आणि बदल्यात खटल्याचा हक्क सोडायचा. घरभाडं थकलेल्या माणसाला तो मोह आवरणं कठीण होतं, त्यांना दोष देता येणार नाही. पण ज्यांनी सह्या केल्या, त्यांना त्याच आर्थिक नुकसानीसाठी २०१२ च्या मोठ्या तडजोडीत जागा राहिली नाही.

तेलाचे परिणाम उशिरा दिसतात, हे लक्षात असू द्या. 'एक्झॉन वाल्डेझ' हा टँकर अलास्कात २४ मार्च १९८९ रोजी खडकावर चढला. तिथल्या हेरिंग मासळीचा धंदा कोसळला तो चार वर्षांनी, १९९३ मध्ये. म्हणून जमेल तिथे अंतरिम रक्कम मागा. कागदावर 'संपूर्ण आणि अंतिम', 'सर्व हक्क सोडत आहे', 'भविष्यातील दावे' असे शब्द दिसले तर सही न करता प्रत घरी न्या आणि जाणकाराकडून वाचून घ्या. कागद तुमच्या भाषेत नसेल तर भाषांतर मागा. "आत्ताच सही केली नाही तर संधी जाईल" असं तोंडी सांगणाऱ्याकडून ते लेखी मागा.

मंजूर झालेली सगळी रक्कम एकदम हातात येईलच असंही नाही. दावे मर्यादेपेक्षा जास्त होतील अशी शक्यता दिसली तर निधी सगळ्यांना ठरावीक टक्केच आधी देतो. १९९९ च्या 'एरिका' टँकरच्या दुर्घटनेत सुरुवात ५० टक्क्यांनी झाली, २००२ च्या 'प्रेस्टिज' टँकरच्या दुर्घटनेत १५ टक्क्यांनी. त्यामुळे मंजुरीचं पत्र पाहून कर्ज काढू नका. बऱ्याच देशांत बुडालेल्या पगाराची भरपाई करपात्र उत्पन्न धरली जाते, तेवढा हिस्साही बाजूला ठेवा.

नकार आला तर, आणि मुदतीबद्दल

नकार लेखी आणि कारणासह मागा. कागद अपुरे असतील तर जोडून पुन्हा द्या. आकड्यावर वाद असेल तर तुमचा हिशेब समोर ठेवा. संबंध जोडला जात नाही असं कारण असेल तर मालकाचं पत्र आणि बंदीचे आदेश पुन्हा वाचून कुठला दुवा सुटला आहे ते शोधा.

हे सगळं चालू असताना घड्याळ थांबत नाही. आंतरराष्ट्रीय करारांखाली नुकसान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत दुर्घटनेपासून सहा वर्षांच्या आत न्यायालयात कारवाई सुरू व्हावी लागते. नुसता फॉर्म दिलेला असणं किंवा अधिकारी गोड बोलत असणं यात मोजलं जात नाही. देशांतर्गत कायद्यांत मुदत याहून कमी असू शकते. पहिल्याच आठवड्यात तुमच्या देशातली मुदत विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख लिहा. तिच्या सहा महिने आधीची तारीखही खाली लिहा. त्या दिवसापर्यंत दावा मिटला नसेल तर बोलणी कितीही पुढे गेलेली असोत, वकिलाकडे जा.